बोर्ड सगळ्यात शेवटी: विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळा निवडताना

पालक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. स्टेट घेऊ की सीबीएसई? मुलाला ऑटिझम असो, कमी ऐकू येत असो, वाचन-लेखनाची अडचण असो की व्हीलचेअर लागत असो, सुरुवात इथूनच. माझं म्हणणं आहे की हा प्रश्न शेवटी घ्यावा. बोर्ड मुलाला भेटतं ते थेट दहावीत. त्याआधीची दहा वर्षं रोज भेटतात वर्गशिक्षिका, जिना, शाळेचं स्वच्छतागृह, फळ्यावरून उतरवून घ्यायचा गृहपाठ, आणि मधल्या सुट्टीत शेजारी डबा उघडून बसणारं किंवा न बसणारं कुणी.

हा लेख महाराष्ट्रातल्या अशा घरांसाठी आहे जिथे निदान नुकतंच हातात पडलंय आणि प्रवेशाचे दिवस जवळ आलेत. क्रम असा धरू या: कागद, मुलाच्या गरजा, शाळेचा प्रकार, शाळेची भेट, लेखी आराखडा, आणि मग परीक्षेची वाट.

पायरी १: कागद तीन प्रकारचे असतात

पहिला कागद म्हणजे डॉक्टरांचं निदान. दुसरा म्हणजे मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांचा सविस्तर अहवाल. तिसरा म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाने दिलेलं दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि त्यासोबतचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं सरकारी ओळखपत्र. वर्गात रोज काय करायचं ते दुसऱ्या कागदातून कळतं. आरक्षण, सरकारी योजना, बोर्डाच्या सवलती यांना तिसरा लागतो. फाईल जाडजूड असूनही खिडकीवरून परत पाठवलं जातं ते बहुतेक वेळा या गोंधळामुळे.

यूडीआयडीसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि जुने वैद्यकीय कागद जोडायचे, मग नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणीला जायचं. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व येतं. ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता त्यात आहेत, हे अजून पुष्कळ मुख्याध्यापकांना सांगावं लागतं. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर बहुतेक लाभ मिळतात.

मूल अगदी लहान असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येतं. त्यांनी चिठ्ठी दिली की जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीमध्ये, श्रवण, वाचा, फिजिओथेरपी अशा सेवा मोफत मिळतात. खाजगी थेरपीचं बिल दर महिन्याला भरताना हे केंद्र एकदा तरी पाहून या.

अध्ययन अक्षमतेचं गणित वेगळं आहे. डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण), डिसग्राफिया (लेखनाची), डिसकॅल्क्युलिया (गणिताची) यांचं पक्कं निदान साधारण आठ वर्षांच्या आधी करत नाहीत. बोर्डाच्या सवलतीसाठी खाजगी अहवाल पुरत नाही, नेमून दिलेल्या सरकारी वा महापालिका रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, आणि तिथे बुद्ध्यांक चाचणी, शैक्षणिक चाचणी, कान-डोळे तपासणी अशा फेऱ्या होतात. जाताना मुलाच्या वह्या, प्रगतिपुस्तकं आणि शाळेचं पत्र न्यावं लागतं. यात महिने जातात. दहावीच्या दिवाळीत ही धावपळ सुरू करणारे पालक दरवर्षी दिसतात. आठवीत सुरू करा.

एक मात्र लक्षात असू द्या: शाळेत साधा प्रवेश घ्यायला दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागत नाही. कार्ड येईपर्यंत मूल घरी बसवून ठेवायचं कारण नाही.

पायरी २: मुलाला काय लागतं, ते एका पानावर

अहवाल वीस पानी असेल, पण शाळा एक पान वाचते. ते पान तुम्हीच लिहा, मराठीत किंवा शाळेच्या माध्यमाच्या भाषेत. निदानाचं नाव एका ओळीत, बाकी सगळं वर्तणुकीच्या भाषेत. ‘एकाग्रता कमी’ यातून शिक्षकाला काही कळत नाही. ‘एका वेळी एकच सूचना दिली तर करतो, तीन दिल्या तर पहिलीच करतो’ यातून कळतं. ‘घंटेच्या आवाजाने कान झाकतो, आधी सांगितलं तर ठीक असतो.’ ‘डाव्या कानाला यंत्र आहे, म्हणून उजवीकडची बाजू बाईंकडे असावी’ असं कुणी लिहिलं तर वाचणारा चक्रावेल, कारण यंत्राचा कान कोणता आणि बरा ऐकणारा कोणता हे स्पष्ट हवं. ऑडिओलॉजिस्टला विचारून लिहा.

पानाचे दोन भाग करा: ज्याशिवाय मूल शाळेत टिकणारच नाही ते, आणि असलं तर बरं ते. रॅम्प किंवा तळमजल्यावरचा वर्ग, शौचाला मदत, फिटचं औषध हे पहिल्या भागात. शाळेतच स्पीच थेरपी, स्मार्ट बोर्ड, स्विमिंग पूल हे दुसऱ्या. माहितीपत्रक पाहून भारावलेले पालक बरेचदा दुसऱ्या भागावर शाळा ठरवतात.

माध्यमाचा विचारही इथेच. घरात मराठी बोलणाऱ्या, भाषा उशिरा आलेल्या मुलाला इंग्रजी माध्यमात घातलं तर प्रत्येक विषयात ओझं दुहेरी होतं. सेमी इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. हा मधला मार्ग काहींना सोसतो, काहींना नाही. गणितातले शाब्दिक उदाहरण वाचायलाच जो अडतो, त्याला ते इंग्रजीत दिल्याने काय साधणार? लोक काय म्हणतील म्हणून इंग्रजी माध्यम घेणार असाल तर निदान तेवढं स्वतःशी कबूल करा.

पायरी ३: शाळा कोण चालवतं, पैसे कोण देतं

जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळा पुष्कळांच्या यादीतच नसतात. त्या असाव्यात. समग्र शिक्षा अभियानाचे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक याच व्यवस्थेतून, गटसाधन केंद्रामार्फत येतात. साहित्य-साधनं, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलासाठी घरी शिकवण्याची सोय, हे त्याच वाटेने मिळतं. विशेष शिक्षक अनेक शाळांत फिरतो, त्यामुळे तो रोज दिसणार नाही. आठवड्यातून किती वेळा येतो, हे केंद्रप्रमुखांना विचारा.

खाजगी अनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार सरकार देतं, शुल्क कमी असतं, वर्ग बहुधा भरलेले. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांत शुल्क पालकांवर. सोयी असतात, पण ‘शॅडो टीचरचा (वर्गात मुलाशेजारी बसणाऱ्या मदतनिसाचा) पगार तुम्ही द्या’ अशी अट बरेचदा तोंडी येते, कधी प्रवेशानंतर. ती आधीच विचारून घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे आरटीईच्या, २५ टक्के राखीव जागांत दिव्यांग मुलं वंचित घटकात येतात, प्रवेश ऑनलाइन अर्ज आणि सोडतीने होतो, तोही फक्त सुरुवातीच्या वर्गात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, सर्वोच्च न्यायालयाचा २०१४चा निकाल तसा आहे. त्यामुळे अशा शाळेशी बोलताना आरटीईचा हवाला देऊन उपयोग होत नाही. केंद्रीय विद्यालयं मुख्यतः बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी. नवोदयला सहावीची निवड परीक्षा आणि पुढे वसतिगृह, हे दोन्ही आपल्या मुलाला झेपेल का ते पाहून ठरवा.

विशेष शाळा शिक्षण विभागाकडे नसतात, त्या दिव्यांग कल्याण विभागाकडे असतात. महाराष्ट्रात हा स्वतंत्र विभाग ३ डिसेंबर २०२२ला सुरू झाला. हा फरक कागदोपत्री वाटतो, पण तक्रार कुठे करायची आणि दाखला कोणत्या स्वरूपाचा मिळेल हे त्यावर ठरतं. मूकबधिर आणि अंध मुलांच्या बहुतेक शाळा इयत्तावार चालतात. बौद्धिक अक्षमतेच्या शाळांत गट असतात, इयत्ता नसते. पुढे कधी सामान्य शाळेत जायचं असेल तर परतीचा रस्ता कोणता, हे पहिल्याच दिवशी विचारा.

सामान्य की विशेष, यावर घराघरात भांडणं होतात. कायदा इथे स्पष्ट आहे. २०१६च्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि निवड मुलाची. ‘तुमच्या मुलाची जागा विशेष शाळेत आहे’ हा निर्णय मुख्याध्यापकांचा नसतो. घरी राहून शिकण्याचा पर्यायही गंभीर वा बहुविकलांग मुलाने निवडायचा आहे, शाळेने लादायचा नाही. याच्या उलट टोकही सांगतो. सामान्य शाळेत शेवटच्या बाकावर गप्प बसून सहा तास काढणारं मूल ‘समावेशित’ झालं असं मी मानत नाही. सांकेतिक भाषा येणाऱ्या मित्रांमध्ये वाढणारं कर्णबधिर मूल पुष्कळदा जास्त बोलकं निघतं.

यादी तयार झाली की प्रत्येक शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, मागा आणि सरकारी संकेतस्थळावर पडताळा. महाराष्ट्राचे क्रमांक २७ने सुरू होतात. फलकावर एका बोर्डाचं नाव आणि मान्यता भलतीच, असे प्रकार घडतात. अनधिकृत शाळांची यादी शिक्षण विभाग जाहीर करतो, तीही पाहा.

पायरी ४: शाळेची भेट

शक्यतो शाळा भरलेली असताना जा. रविवारची ओपन हाऊस काही दाखवत नाही. मधली सुट्टी पाहा, सुटण्याची वेळ पाहा. स्वच्छतागृहात स्वतः जा. दिव्यांगांसाठीचं असेल तर त्यात झाडू-बादल्या ठेवल्यात का, बघा. यंदाचा वर्ग तळमजल्यावर असेल, पण चौथीचा दुसऱ्या मजल्यावर असेल तर लिफ्टचं काय?

‘आमच्याकडे अशी मुलं आहेत’ हे उत्तर सगळीकडे मिळतं. त्यावर विचारा: कोणत्या इयत्तेत आहेत? आठवीनंतर किती राहिली? हा प्रश्न टोचतो, म्हणून विचारायचाच. दहावीच्या शंभर टक्के निकालाची पाटी मिरवणाऱ्या काही शाळा कच्च्या मुलांना नववीत ‘दुसरीकडे बघा’ असं सुचवतात. दहावीला सवलत घेऊन बसलेला विद्यार्थी गेल्या काही वर्षांत झाला का, हे कळलं तर त्या शाळेला अर्जांची पद्धत माहीत आहे एवढं तरी नक्की होतं.

विशेष शिक्षक आहेत म्हणाले तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक विचारा. ‘काउन्सेलर मॅडम बघतात’ म्हणजे विशेष शिक्षक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये सामान्य शाळांसाठी प्राथमिकला अशा १० मुलांमागे १ आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागे १ विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं आहे. प्रत्यक्षात एवढे कुठे दिसत नाहीत. पण विचारणारा पालक माहितीने विचारतोय हे समोरच्याला समजतं.

प्रवेशाआधी मुलाची ‘इंटरॅक्शन’ घेऊन नाकारलं तर आरटीईच्या कलम १३ची आठवण द्या. प्रवेशासाठी चाळणी परीक्षा घेतल्यास पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि नंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. नकार लेखी द्या एवढंच शांतपणे म्हटलं तरी बोलण्याचा सूर बदलतो.

पायरी ५: आराखडा लेखी हवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. प्रेमळ बाई पहिलीत सगळं सांभाळतात, दुसरीत त्यांची बदली होते, आणि तोंडी ठरलेलं सगळं त्यांच्याबरोबर जातं. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, ज्याला विशेष शिक्षक आयईपी म्हणतात, त्याचा छापील सरकारी नमुना शाळेने दाखवला नाही तरी चालेल. मात्र २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ आणि १७ मध्ये मुलाला लागेल तसं वैयक्तिक साहाय्य, प्रगतीवर लक्ष, १८ वर्षांपर्यंत मोफत पुस्तकं व साधनं, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे शब्द आहेत. आराखडा त्याच आधारावर मागायचा.

त्यात काय असावं? आज मूल कुठे आहे, सहामाहीपर्यंत कुठे यायचं, कोण काय करणार, आठवड्यातून किती वेळ, आणि मोजणार कसं. ‘वाचन सुधारेल’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘ओळखीच्या उताऱ्यातली दहा वाक्यं मदतीशिवाय वाचेल’ हे उद्दिष्ट. दोन शाळांत निवड करताना दोघांनाही मुलाचं ते एक पान द्या आणि विचारा, पहिल्या सत्रात तुम्ही काय कराल? एक शाळा थेरपीच्या तासांची यादी देईल. दुसरी म्हणेल, वर्गपाठ उतरवून घ्यायचा त्रास आहे तर फळ्याचा फोटो किंवा छापील टिपण देऊ, उत्तरं तोंडी घेऊ. मी दुसरी निवडेन, इमारत साधी असली तरी.

आराखड्यात वागण्याच्या प्रसंगांचाही उल्लेख हवा. मूल चिडलं, ओरडलं तर कोण शांत करणार, कुठे नेणार? ‘घरी फोन करून घेऊन जायला सांगू’ हे महिन्यातून चारदा होत असेल तर ते अघोषित निलंबनच. तारखा लिहून ठेवा.

आढावा दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा आणि वार्षिक परीक्षेनंतर एकदा. बैठकीनंतर त्याच दिवशी शाळेला दोन परिच्छेदांचं पत्र किंवा ईमेल: आज असं ठरलं. हातोहात देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.

पायरी ६: परीक्षेची वाट

आता बोर्ड. राज्य मंडळात सवलती जास्त आणि जुन्या आहेत: तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, आकृत्या व आलेखांतून सूट, कॅल्क्युलेटर, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, भाषेऐवजी दुसरा विषय, नेहमीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित. सगळ्या सवलती सगळ्यांना नसतात, दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार ठरतात. लेखनिक विद्यार्थ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो, म्हणून दहावीला बहुधा नववीचा विद्यार्थी शोधतात. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. लेखनिकाबरोबर सराव न करता परीक्षेला बसवू नका. उत्तर सांगून लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे.

सातवीच्या गणिताबद्दल सावध करतो. मूल दर परीक्षेत रडत असेल तेव्हा ही सवलत देवाची देणगी वाटते, आणि काहींसाठी ती असतेही. पण अकरावीला गणित, पुढे अभियांत्रिकी, आकडेवारीवर चालणारे अभ्यासक्रम, हे दरवाजे त्या एका सहीने बंद होतात. निर्णय नववीच्या सुरुवातीला घ्यायचा असतो, जेव्हा मूल चौदा वर्षांचं असतं आणि त्याला स्वतःचं मत असतं. त्याला विचारा. कॅल्क्युलेटर आणि जादा वेळ देऊन नेहमीचं गणित जमतंय का, हे एक सत्र पाहून मग ठरवा.

सीबीएसईत दहावीला गणित स्टँडर्ड आणि बेसिक असं दोन पातळ्यांचं आहे आणि ते सगळ्याच मुलांना खुलं, त्यामुळे वेगळं पडल्यासारखं वाटत नाही. बेसिक घेतल्यावर अकरावीत गणित घेण्याचे नियम त्या-त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहा. दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक, भाषेतून सूट इथेही आहे. आयसीएसईत इंग्रजी भक्कम लागतं, लेखन आणि प्रकल्प भरपूर. ज्याचा हात चालत नाही त्याला ते जड जातं. महाराष्ट्रातल्या सर्व बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे, कायदा २०२०चा. परराज्यातून बदलून आलेल्या अध्ययन अक्षमतेच्या मुलासाठी भाषेच्या सवलतीचा अर्ज पहिल्याच महिन्यात करा.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, याकडे अजून ‘नापास मुलांचं बोर्ड’ म्हणून पाहतात. १९८९पासून चालू असलेलं हे राष्ट्रीय मंडळ आहे आणि त्याची दहावी-बारावी इतर मंडळांच्या बरोबरीची धरतात. पाच विषय, त्यात एक भाषा पुरते, गणित घेतलंच पाहिजे असं नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, नोंदणी पाच वर्षं चालते, नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत जाता येतं. दहावीसाठी वय किमान १४. दुसऱ्या बोर्डात उत्तीर्ण झालेल्या काही विषयांचे गुण इकडे आणण्याची सोयही आहे. खरी अडचण अभ्यासापेक्षा दिवसाची असते. शाळा नाही म्हणून मूल दिवसभर घरात, मित्र नाहीत, आणि वेळापत्रक आईच्या गळ्यात. एनआयओएस घेणार असाल तर सकाळी कुठे जाणार, याचं उत्तर आधी शोधा. शाळा सुटलेल्यांसाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणूनही बसता येतं, पण अभ्यासक्रम तोच, लवचिकता कमी.

दहावीच्या पलीकडेही पाहून ठेवा. आयटीआयच्या काही ट्रेडना आठवी पास चालतं. बारावीपर्यंत व्यावसायिक अभ्यासक्रम असलेली कनिष्ठ महाविद्यालयं आहेत. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात दिव्यांगांना ५ टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट आहे, तिथे पुन्हा ४० टक्क्यांचं कार्ड लागतं. बौद्धिक अक्षमता जास्त असेल तर दहावीचा हट्ट सोडून कार्यशाळा आणि पैशाचा व्यवहार, प्रवास, स्वयंपाक अशी कौशल्यं हीच पूर्ण वाट असू शकते. नातेवाइकांना ते पटवायला वेळ लागतो.

अडलं तर

आधी मुख्याध्यापकांना लेखी. पंधरवड्यात उत्तर नाही तर ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकारी, शहरात महापालिकेचे किंवा जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी. आरटीईखालची तक्रार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निकाली काढायची असते, त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. दिव्यांगत्वाच्या कारणावरून नाकारलं असेल तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तालयात. २०१६चा कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत, पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाख रुपये दंड आहे. अर्जात राग कमी आणि तारखा जास्त ठेवा.

आणि शाळा बदलायचीच ठरली तर दाखल्याबरोबर चालू आराखडा, शेवटच्या आढाव्याचं पत्र, सवलत मंजुरीचे आदेश आणि उपस्थितीची नोंद मागून घ्या. मूळ यूडीआयडी आणि प्रमाणपत्र कुणाकडेही जमा करू नका, साक्षांकित प्रत द्या. नवीन वर्गशिक्षिका कोण ते शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात कळतं. त्या आठवड्यात मुलाला रिकाम्या वर्गात एकदा फिरवून आणा आणि ते एक पान बाईंच्या हातात द्या.